न उघडणाऱ्या फाइल्सचा बंदोबस्त: इरफानव्ह्यू आणि त्याची प्लगइन्स

न उघडणारी फाइल मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडली की बहुतेक जण गुगलवर ‘अमुक टू जेपीजी कन्व्हर्टर’ टाकतात आणि जी साइट पहिली दिसेल तिथे फाइल चढवून मोकळे होतात. सहलीचा फोटो असेल तर एक वेळ चालून जाईल. पण त्याच वाटेने आधार कार्ड, गुणपत्रिका, खरेदीखताचं स्कॅन, आईचा सीटी स्कॅन असं सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन बसतं, आणि तिथून ते कधी पुसलं जातं, जातं की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. खरं तर यातलं बहुतेक काम घरच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवूनही होतं. त्यासाठी एक हलका व्ह्यूअर, म्हणजे फाइल उघडून दाखवणारा प्रोग्राम, आणि त्याला जोडायची प्लगइन्स एवढंच लागतं.

इथे मी इरफानव्ह्यू धरून सांगतो आहे. त्याच्या तोडीचे दुसरे व्ह्यूअर आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी बोलू. इरफानव्ह्यू फक्त विंडोजसाठी आहे.

बोस्नियातल्या यायत्से गावचा इरफान स्किल्यान हा व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात शिकलेला माणूस. त्याने १९९६ मध्ये याची पहिली आवृत्ती काढली आणि तेव्हापासून तो ते सांभाळतो आहे. हलती जिफ फाइल दाखवणारा हा विंडोजवरचा पहिला व्ह्यूअर होता, असं तो अभिमानाने सांगतो. याचं चिन्ह म्हणजे एक चपटी झालेली लाल मांजर. ती पाहून काही जणांना व्हायरसची शंका येते, पण मांजर अधिकृतच आहे.

मोफत कुणाला, हे आधी नीट बघून घ्या. घरी खासगी वापरासाठी, शाळा-कॉलेजं-ग्रंथालयं-संग्रहालयांसाठी आणि सेवाभावी संस्थांसाठी ते मोफत आहे. दुकानात, कार्यालयात, व्यवसायासाठी वापरायचं तर परवाना विकत घ्यावा लागतो. म्हणजे झेरॉक्सचं दुकान, फोटो स्टुडिओ, डीटीपी सेंटर किंवा गिऱ्हाइकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारं केंद्र चालवत असाल तर तुम्ही ‘मोफत’मध्ये बसत नाही. एकदाच भरायची ती रक्कम फार मोठी नसते.

आधी मूळ प्रोग्राम, मग प्लगइन्स

इरफानव्ह्यूची रचना दोन भागांची आहे. मूळ प्रोग्राम अगदी छोटा, काही एमबींचा. जेपीजी, पीएनजी, जिफ, बीएमपी, टिफ असे नेहमीचे प्रकार तो स्वतःच उघडतो. कमी वापराचे किंवा गुंतागुंतीचे प्रकार प्लगइन्सकडे सोपवलेले असतात. प्लगइन म्हणजे एखादाच प्रकार वाचायला शिकलेली छोटी फाइल. पीडीएफ उघडायची वेळ आली की मूळ प्रोग्राम पीडीएफच्या प्लगइनला हाक मारतो, एरवी ते प्लगइन नुसतं पडून असतं. म्हणूनच वर्षानुवर्षं नवे प्रकार वाढत गेले तरी प्रोग्राम उघडायला वेळ लागत नाही.

डाउनलोड अधिकृत साइटवरूनच सुरू करा. तिथून तुम्हाला दुसऱ्या एखाद्या डाउनलोड साइटवर पाठवलं जातं, तेही ठीकच आहे. सांभाळायचं ते तिथल्या जाहिरातींना. पानावर तीन-चार मोठी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं असतील तर त्यातली बहुतेक दुसऱ्याच कशाची तरी असतात. फाइलचं नाव वाचा, त्यात इरफानव्ह्यूचं नाव दिसलं तरच पुढे जा.

आता बिटचा प्रश्न. ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन आवृत्त्या असतात आणि प्रत्येकीची प्लगइन्स वेगळी असतात. ६४ बिट प्रोग्रामला ३२ बिटची प्लगइन्स दिसतच नाहीत. ‘प्लगइन टाकलं तरी फाइल उघडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच निघतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडलं की ‘सिस्टिम टाइप’समोर तुमचं यंत्र किती बिटचं आहे ते लिहिलेलं असतं. गेल्या काही वर्षांत घेतलेला लॅपटॉप जवळपास नक्कीच ६४ बिटचा असतो. मग दोन्ही डाउनलोड ६४ बिटचीच घ्या आणि दोन्हींचा आवृत्ती क्रमांक एकच आहे ना तेही बघा.

इन्स्टॉल करताना एका पानावर फाइल असोसिएशनचा प्रश्न येतो, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइलवर डबल क्लिक केलं की इरफानव्ह्यूने उघडावं. सगळ्यावर टिक मारून पुढे जाऊ नका. गाणी आणि व्हिडिओही त्याच्याकडे गेले की मग घरातले वैतागतात. ‘इमेजेस ओन्ली’ हे बटण दाबलं की पुरे. विंडोज १० आणि ११ मात्र एवढ्यावर ऐकत नाहीत. तिथे हव्या त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून इरफानव्ह्यू निवडायचं आणि ‘ऑल्वेज’ म्हणायचं.

मूळ प्रोग्राम बसला की तो बंद करून प्लगइन्सचा इन्स्टॉलर चालवा. तो आपणहून योग्य फोल्डर शोधतो. तुम्ही इन्स्टॉल न करता झिपवाली आवृत्ती पेन ड्राइव्हवर ठेवून वापरत असाल तर प्लगइन्सचीही झिप घ्या आणि ती इरफानव्ह्यूच्या फोल्डरातल्या ‘प्लगइन्स’ नावाच्या उपफोल्डरातच सोडा. बाहेर सोडली तर काही उपयोग नाही.

बसलं की नाही ते ‘हेल्प’ मेनूतल्या ‘इन्स्टॉल्ड प्लगइन्स’मध्ये दिसतं. तिथे कोणतं प्लगइन आहे आणि ते काय करतं याची यादी मिळते. यादी रिकामी असेल तर बिट चुकलेत किंवा फोल्डर चुकलाय.

फाइलचं नाव मराठीत असेल तर एक जास्तीची गोष्ट. जुन्या आवृत्तीत ‘आजोबांचा फोटो’ अशा देवनागरी नावाच्या फाइल्स अडतात. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘प्रॉपर्टीज/सेटिंग्ज’मध्ये भाषेचं पान आहे, तिथला युनिकोडचा (सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखण्याच्या पद्धतीचा) पर्याय चालू करून बघा. पण जुन्या आवृत्तीला ठिगळं लावत बसण्यापेक्षा नवी टाकावी हे बरं.

नेहमी लागणाऱ्या कळा

इथे माउसपेक्षा कीबोर्डवर काम जास्त भराभर होतं. स्पेस दाबला की फोल्डरातली पुढची फाइल, बॅकस्पेसला मागची. एंटरला पूर्ण स्क्रीन. ‘आर’ने उजवीकडे आणि ‘एल’ने डावीकडे फिरतं. ‘टी’ला सगळ्या फोल्डरची छोटी चित्रं, ‘आय’ला फाइलची माहिती, ‘बी’ला घाऊक कामाची खिडकी. कंट्रोल-आर म्हणजे आकार बदलणं, कंट्रोल-वाय म्हणजे निवडलेला भाग कापून ठेवणं.

फिरवण्याबद्दल एक इशारा. जेपीजी फोटो ‘आर’ने फिरवून सेव्ह केला की तो नव्याने दाबला जातो आणि प्रत थोडी उतरते. शिफ्ट-जे दाबा. त्याने जेपीजीचं खास प्लगइन उघडतं आणि चित्र पुन्हा न दाबता आतला डेटाच फिरवला जातो. घरातल्या जुन्या फोटोंच्या स्कॅनसाठी नेहमी हेच वापरावं.

आयफोनचे फोटो

अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर एचईआयसी हा प्रकार आणला. जागा कमी लागते म्हणून आणला आणि जगभरच्या विंडोजवाल्यांना कामाला लावलं. परदेशातला मुलगा नातवंडांचे फोटो मेलने पाठवतो आणि इकडे आजी-आजोबांच्या कॉम्प्युटरवर पांढरं चिन्ह सोडून काही दिसत नाही, तेव्हा बहुधा हीच भानगड असते.

इरफानव्ह्यूची प्लगइन्स टाकल्यावरही ही फाइल उघडली नाही, तर विंडोजकडे तिचा कोडेक, म्हणजे तसं दाबलेलं चित्र उलगडणारा तुकडा, नाही असं समजा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘हाइफ इमेज एक्स्टेन्शन्स’ घ्या, ते मोफत आहे. तरीही अडलं तर ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ लागेल, कारण या फोटोंमधलं चित्र व्हिडिओच्या त्या पद्धतीने दाबलेलं असतं. त्याला स्टोअर थोडे पैसे मागतं.

पैसे न घालवता मुळावरच उपाय करायचा असेल तर आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगा. पुढचे फोटो जेपीजीतच निघतील. जुने मात्र बदलायलाच लागतील, आणि ते घाऊक कसे बदलायचे ते पुढे येतंच आहे.

जुनी पुस्तकं: डीजेव्हीयू आणि टिफ

मराठी वाचणाऱ्याला ज्यासाठी प्लगइन खरंच उपयोगी पडतं ते हे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात हजारो जुनी भारतीय पुस्तकं स्कॅन झाली, त्यात मराठीही भरपूर होती. ते स्कॅन पानागणिक टिफ फाइलच्या रूपात असत. इंटरनेट अर्काइव्ह २०१६ पर्यंत स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या डीजेव्हीयू (स्कॅन कमी जागेत ठेवणारा फाइलचा एक प्रकार) प्रती करत असे, त्यामुळे लोकांच्या हार्ड डिस्कवर तशा फाइल्स अजून सापडतात. मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधन करणाऱ्यांनाही हा प्रकार ओळखीचा आहे.

डीजेव्हीयू १९९०च्या दशकाच्या अखेरीस एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. त्यात पानाची पार्श्वभूमी आणि अक्षरं वेगवेगळी दाबली जातात, म्हणून पिवळ्या पडलेल्या पानांचं जाडजूड पुस्तकही थोड्या एमबींत मावतं. प्लगइन असलं की ते इरफानव्ह्यूत उघडतं आणि टूलबारवरच्या बाणांनी पानं उलटता येतात.

काळ्या-पांढऱ्या टिफमध्ये मात्र एक गोष्ट जाणवेल. पान स्क्रीनवर मावेल इतकं लहान केलं की अक्षरं तुटक दिसतात. इंग्रजीत ते खपून जातं, पण देवनागरीत अनुस्वार गळून पडतो, रफार दिसेनासा होतो आणि शिरोरेघेला मध्येच फट पडते. ‘मंद’चं ‘मद’ झालेलं वाचायची वेळ येते. दोष स्कॅनचा नसतो. चित्र लहान करताना प्रोग्राम मधले ठिपके गाळत असतो. ‘व्ह्यू’ मेनूत ‘डिस्प्ले ऑप्शन्स’ आहे, त्यातलं झूमसाठी रिसॅम्पल वापरण्याचं सेटिंग चालू करा. मग ठिपके गाळण्याऐवजी त्यांची सरासरी करून करड्या छटा वापरल्या जातात आणि अनुस्वार परत जागेवर येतो. पुस्तक तासभर वाचणार असाल तर डोळ्यांना मोठाच फरक पडतो.

पानागणिक असलेल्या टिफ फाइल्स एका पीडीएफमध्ये बांधायच्या असतील तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘मल्टिपेज इमेजेस’मध्ये ‘क्रिएट मल्टिपेज पीडीएफ’ आहे. फाइल्स जोडा, क्रम बघा, नाव द्या, झालं. क्रम मात्र खरंच बघा. फाइलींची नावं १, २, १०, ११ अशी असतील तर काही ठिकाणी १ नंतर थेट १० येतं. त्यावर उपाय म्हणजे आधी सगळ्यांना ००१, ००२ अशी नावं देणं, तेही घाऊक कामातच होतं. उलट बाजूने, अनेक पानांच्या फाइलमधून सगळी पानं सुटी काढायची सोयही याच मेनूत आहे.

पीडीएफबद्दल थोडं सावध

प्लगइनमुळे पीडीएफ उघडते, तिचं जेपीजीही करता येतं. पण इरफानव्ह्यूच्या दृष्टीने पीडीएफचं पान म्हणजे एक चित्र. त्यातला मजकूर निवडता येत नाही, शोधता येत नाही. आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा दाखला तुम्ही चित्रात बदलला की ती स्वाक्षरी तपासण्याची सोयच संपते, राहते ती स्वाक्षरीच्या खुणेची छबी. ज्याने मूळ पीडीएफ मागितली आहे त्याला मूळच पाठवा. पासवर्ड लावलेल्या पीडीएफही साध्या पीडीएफ रीडरमध्येच उघडाव्यात.

इपीएस किंवा पोस्टस्क्रिप्टच्या फाइल्स छापखान्याकडून येतात. त्यांना प्लगइनबरोबर घोस्टस्क्रिप्ट नावाचा वेगळा मोफत प्रोग्राम लागतो. तो आधी टाका, त्याशिवाय काही दिसणार नाही.

कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्स, फोटोशॉप आणि सीटी स्कॅनची सीडी

लग्नाच्या फोटोग्राफरने रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या, फाइल्स हातात ठेवल्या असतील (कॅननच्या सीआर२, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू) तर त्या बघता येतात. अशा फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने एक तयार जेपीजीही ठेवलेली असते. व्ह्यूअर बऱ्याचदा तीच झटकन दाखवतो, म्हणून चित्र अपेक्षेपेक्षा लहान दिसलं तर घाबरू नका. निवडानिवड करायला ते पुरतं. रंग सुधारायला रॉ फाइलसाठी बनवलेला प्रोग्रामच हवा.

फोटोशॉपची पीएसडी उघडते, पण सगळे थर एकत्र सपाट होऊन. फ्लेक्सचं डिझाइन पास करण्यापुरतं बघायचं असेल तर छान. त्यातलं नाव बदलायचं असेल तर डिझाइनवाल्याकडेच जावं लागेल.

डायग्नोस्टिक सेंटरच्या सीडीवरच्या फाइल्स डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रकारच्या असतात आणि पुष्कळदा त्यांना एक्स्टेन्शनच, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकाराची अक्षरंच, नसतात. प्लगइनने त्यातली चित्रं दिसू शकतात. पण इथे मी इरफानव्ह्यू सुचवणार नाही. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो काप असतात आणि प्रत्येकात करड्या रंगाच्या इतक्या छटा असतात की स्क्रीनवर त्या एका वेळी मावत नाहीत. फुप्फुस बघायचं तर एक पट्टा निवडावा लागतो, हाड बघायचं तर दुसरा. ते काम वीसिस किंवा मायक्रोडायकॉमसारखे खास डायकॉम व्ह्यूअर करतात. वीसिस मुक्त स्रोत आहे, मायक्रोडायकॉम खासगी वापराला मोफत आहे. आणि कशातही बघितलं तरी निदान डॉक्टरांनीच करायचं, आपण फक्त सीडी चालते ना एवढं पाहायचं.

फॉर्मसाठी फोटो आणि सही

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांचं उदाहरण घेऊ. तिथे फोटो २०० × २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात, सही १४० × ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. प्रत्येक परीक्षेचे आकडे वेगळे असतात, ते त्या त्या जाहिरातीतून घ्यायचे. पद्धत मात्र तीच राहते.

फोटो उघडा. थेट आकार बदलायला जाऊ नका, आधी कापा. ‘एडिट’ मेनूतलं ‘क्रिएट कस्टम क्रॉप सिलेक्शन’ (शिफ्ट-सी) उघडून रुंदी १००० आणि उंची ११५० टाका. २०० आणि २३० चंच हे प्रमाण आहे, फक्त पाचपट. फोटो छोटा असेल तर दुप्पट किंवा तिप्पट घ्या. स्क्रीनवर एक चौकट येईल. तिच्या आत उजवं बटण दाबून धरून ती सरकवता येते. चेहरा मधोमध, डोक्यावर थोडी जागा, खांदे आत असं जमलं की कंट्रोल-वाय.

आता कंट्रोल-आर. रुंदी २०० टाकली की उंची आपोआप २३० झाली पाहिजे. ती २३१ किंवा २२९ आली तर एका पिक्सेलसाठी प्रमाण राखण्याची टिक काढून हाताने २३० टाकायला हरकत नाही. पण आधी न कापता ही टिक काढून आकडे भरले की चेहरा चेपतो किंवा ताणला जातो. हॉल तिकिटावर असे गाल पसरलेले उमेदवार खूप दिसतात.

सेव्ह करताना ‘एस’ दाबा, प्रकार जेपीजी निवडा आणि ‘शो ऑप्शन्स डायलॉग’वर टिक आहे ना ते बघा. त्या टिकेने शेजारी दर्जाची पट्टी उघडते. ८० वर ठेवून सेव्ह करा आणि ‘आय’ दाबून केबी बघा. एवढा छोटा फोटो बऱ्याचदा ५० केबीच्या वर जात नाही, उलट २० केबीच्या खाली जातो, आणि साइट ‘फाइल फार लहान आहे’ म्हणून नाकारते. तेव्हा दर्जा ९५ किंवा १०० करून पुन्हा सेव्ह करा, आणि तेही मघाशी कापलेल्या मोठ्या चित्रापासून. आधीच दाबलेल्या जेपीजीचा दर्जा वाढवून केबी वाढतात, चेहऱ्यावरचे डाग तसेच राहतात.

केबीचा आकडा नेमका गाठायचा असेल तर ‘रायट’ नावाचं प्लगइन आहे. ते असलं की जेपीजीच्या त्याच पर्यायांमध्ये फाइलचा आकार केबीत सांगता येतो. ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह फॉर वेब’ उघडलं तर मूळ चित्र आणि दाबलेलं चित्र शेजारी-शेजारी दिसतं, चेहरा कुठे बिघडायला लागतो ते डोळ्यांनी बघून थांबता येतं.

डीपीआयची चिंता करणारेही बरेच असतात. साइटने २०० डीपीआय मागितलं असेल तर ‘आय’च्या खिडकीत तो आकडा बदलून मिळतो. त्याने पिक्सेल एकही वाढत नाही किंवा कमी होत नाही. छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे याची ती नुसती नोंद आहे.

सहीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करून मोबाइलने फोटो काढा. कागद राखाडी दिसतो, त्यावर हाताची सावली असते. शिफ्ट-यू दाबलं की रंग आपोआप सावरतात आणि कागद बराच पांढरा होतो. मग वरच्याच पद्धतीने कापा, प्रमाण १४० ला ६०.

आणखी एक टिक इथेच बघून ठेवा. जेपीजीच्या ऑप्शन्समध्ये मूळ एक्झिफ माहिती (फोटोच्या फाइलमध्येच कॅमेऱ्याने लिहून ठेवलेल्या नोंदी) ठेवण्याचा पर्याय असतो. मोबाइलने लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोच्या एक्झिफमध्ये घराचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. ‘आय’च्या खिडकीतून एक्झिफ उघडलं तर थेट नकाशावर जागा दाखवणारं बटणही आहे. जुना सोफा विकायला फोटो टाकणार असाल तर एकदा ते दाबून बघा, मग ती टिक काढायची आठवण आपोआप राहील.

घाऊक काम

‘बी’ दाबल्यावर उघडणारी खिडकी पहिल्यांदा बघताना भीतीच वाटते, पण रचना साधी आहे. उजवीकडे फोल्डर निवडून ‘अ‍ॅड ऑल’ करा. डावीकडे काय करायचं ते सांगा: प्रकार बदलायचा, नाव बदलायचं की दोन्ही. एचईआयसीचं जेपीजी करायचं असेल तर आउटपुट प्रकार जेपीजी ठेवा. आकारही कमी करायचा असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन लांब बाजू किती पिक्सेलची हवी ते द्या. रुंदी-उंची दोन्ही देण्यापेक्षा हे बरं, कारण उभे आणि आडवे फोटो दोन्ही नीट बसतात. लहान फोटो उगाच मोठे होऊ नयेत यासाठीची टिकही तिथेच आहे.

आउटपुटचं फोल्डर नेहमी वेगळं ठेवा. ‘यूज करंट डायरेक्टरी’चं बटण सोयीचं वाटतं, पण त्याबरोबर ‘ओव्हरराइट’ची टिक चालू असेल तर मूळ फोटो गेले असं समजा. काम झाल्यावर मूळ फाइल पुसण्याचाही पर्याय ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आधी चार-पाच फाइलींवर चालवून बघावं आणि मगच सगळा फोल्डर सोडावा.

नावांसाठी पॅटर्नमध्ये # ही खूण जितक्या वेळा टाकाल तितक्या अंकांचे क्रमांक पडतात. ‘मुंज-###’ लिहिलं की मुंज-००१ पासून सुरुवात. अर्थात अंक इंग्रजीच पडतात.

नाव एक, आत दुसरंच

फाइलच्या नावात जेपीजी लिहिलंय म्हणून ती जेपीजी असेलच असं नाही. वेबवरून उतरवलेली चित्रं पुष्कळदा आतून वेबपी (वेबसाठीचा चित्रांचा एक प्रकार) असतात आणि नावाला जेपीजी. इरफानव्ह्यूचा एक मोठा गुण असा की तो नावावर विसंबत नाही, फाइलची सुरुवात वाचतो. तफावत दिसली की ‘ही अमुक प्रकारची फाइल आहे, एक्स्टेन्शन चुकीचं आहे, बदलू का?’ असं विचारतो. फॉर्मवर चढवायची फाइल असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही, खऱ्या जेपीजीत सेव्ह करावी लागते. भरतीच्या साइटवर ‘इनव्हॅलिड फॉरमॅट’ येतं आणि कारण समजत नाही, तेव्हा आधी हेच तपासा.

कशातच उघडत नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा गोंधळ दिसेल, पण पहिली ओळ बोलते. सुरुवातीलाच पीडीएफ ही अक्षरं असतील तर पीडीएफ. पहिल्या एका विचित्र चिन्हानंतर पीएनजी दिसलं तर पीएनजी. आरआयएफएफ आणि थोड्या अंतरावर डब्ल्यूईबीपी असेल तर वेबपी. पीके या दोन अक्षरांनी सुरुवात असेल तर ती झिप आहे, किंवा वर्ड-एक्सेलची नवी फाइल, कारण त्याही आतून झिपच असतात. झिप प्रकार काढणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची ती आद्याक्षरं. आणि पहिलंच चिन्ह ‘<’ असून पुढे एचटीएमएल वगैरे असेल, तर तुम्ही चित्राऐवजी ‘लॉगिन करा’ सांगणारं वेब पान उतरवून ठेवलंय. पाठवणाऱ्याकडून फाइल पुन्हा मागवा. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा, सेव्ह केलं तर फाइल कायमची बिघडते.

सगळीच प्लगइन्स ठेवायची का?

माझं मत, नाही. प्रत्येक प्लगइन म्हणजे अनोळखी फाइल वाचणारा आणखी एक तुकडा, आणि अशा तुकड्यांमध्ये आजवर सुरक्षेच्या चुका सापडल्या आहेत. मुद्दाम बिघडवलेली फाइल पाठवून त्या चुकीचा फायदा घेता येतो. ज्या प्रकाराच्या फाइल्स तुमच्याकडे कधीच येत नाहीत, जुन्या गेमची चित्रं किंवा उपग्रहाचे नकाशे वगैरे, त्यांची प्लगइन्स इन्स्टॉलरमध्येच गाळा. गरज पडली तर नंतर टाकता येतात. नवी आवृत्ती आली की मूळ प्रोग्राम आणि प्लगइन्स दोन्ही एकदमच बदला.

इरफानव्ह्यूने भागत नसेल तर

मॅक किंवा लिनक्स वापरत असाल तर एक्सएनव्ह्यू एमपी बघा. तो खासगी वापराला मोफत आहे, पाचशेहून अधिक प्रकार वाचतो आणि मोठा संग्रह लावून ठेवायला इरफानव्ह्यूपेक्षा सोयीचा आहे. फक्त वाचनासाठी, म्हणजे पीडीएफ, डीजेव्हीयू, इपब अशी पुस्तकं, सुमात्रापीडीएफला तोड नाही. तो मुक्त स्रोत आहे आणि पंधरा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही पळतो, पण पुन्हा विंडोजपुरताच. वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्स इरफानव्ह्यूच्या कक्षेत येतच नाहीत, त्यासाठी लिबरऑफिस. ज्यांना फाइल मॅनेजरमधूनच सगळं बघायचं आहे त्यांनी टोटल कमांडर चाळावा. एफ३ दाबलं की त्याचा लिस्टर उघडतो आणि त्यालाही स्वतःची प्लगइन्स आहेत, इतकी की इरफानव्ह्यूलाच लिस्टरच्या आत बसवता येतं. तो मात्र शेअरवेअर आहे, महिनाभर वापरल्यावर विकत घ्यायचा असतो.